दिव्याखाली सासरे

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको: माझे सासरे ठणठणीत आहेत. आत्ता या क्षणी ते आतल्या खोलीत रेडिओवरच्या बातम्यांशी भांडताहेत. तरीही एका रविवारी दुपारी ते गेले होते आणि ते माझ्यामुळे गेले होते, असं आमच्या नात्यागोत्यात आजही मानलं जातं. माझा गुन्हा एवढाच, की फुकट मिळणाऱ्या वस्तूला मला नाही म्हणता येत नाही.

वस्तू म्हणजे एक दिवा. माझी बायको दातांच्या एका डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसते. डॉक्टरांनी नवी खुर्ची घेतली, जुनी कुणीतरी नेली आणि तिच्यावरचा दिवा तेवढा कोपऱ्यात पडून राहिला. लांबलचक लोखंडी हात, त्याला तीन सांधे आणि टोकाला परातीएवढं तोंड. मी बायकोला न्यायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "उद्या भंगारवाला येणारच आहे." माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नेऊ का?" बायकोने डोळे मोठे केले, पण तोवर दिवा माझ्या खांद्यावर होता.

कारण मी फोटोग्राफर आहे. (पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात कारकून आहे, ते पोटासाठी. 'आपली तक्रार मिळाली, चौकशी सुरू आहे' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय, की बायको घरातलं काही सांगायला लागली तरी माझ्या तोंडून तेच निघतं.) कॅमेरा माझ्याकडे होता. मेव्हण्याने नवा घेतला तेव्हा त्याचा जुना माझ्याकडे आला, अर्थात फुकट. उणीव होती ती प्रकाशाची. फोनवरच्या व्हिडिओंत एक गृहस्थ फोटोग्राफीचे धडे देतात. त्यांचं म्हणणं, नवशिका फोटो काढतो आणि जाणकार आधी दिवा लावतो. मला जाणकार व्हायची फार घाई झाली होती.

आता दातांच्या डॉक्टरांचा दिवा बनवणाऱ्याने तो काही माझ्यासारख्यांसाठी बनवलेला नसतो. त्याचा उजेड पडतो तो एका छोट्या चौकोनात, बरोबर उघड्या तोंडाएवढा. बाकी सगळा अंधार. बायकोचा पहिला फोटो काढला, त्यात नुसती हनुवटी आली. तिने तो पाहिला आणि पुन्हा म्हणून माझ्यासमोर बसली नाही. मग मी कोबी आणला. कोबीचे गुण मला तेव्हा कळले. तो हलत नाही, डोळे मिटत नाही आणि 'झालं का?' असं विचारत नाही. त्या कोबीवर मी दिवा डावीकडून टाकला, उजवीकडून टाकला, वरून टाकला. उजेड मऊ व्हावा म्हणून दिव्यापुढे न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा लावला. दिवा टांगायला कपडे वाळत घालायचा स्टँड घेतला आणि स्टँड कलंडू नये म्हणून त्याच्या पायाशी पाण्याचा कॅन बांधला. हळूहळू आमच्या हॉलमध्ये माणसांना जागा उरली नाही आणि घरात वाळलेले कपडेही उरले नाहीत.

"हा कोबी भाजीत कधी पडणार आहे?" एक दिवस बायकोने विचारलं.

"थांब जरा. त्याची डावी बाजू अजून मनासारखी येत नाहीये."

"कोबीला डावी बाजू असते?"

"प्रकाश कळायला लागला की दिसते."

तिने त्या दिवशी डाव्या बाजूसकट कोबी चिरला. माझा मॉडेल गेला, आणि त्याच आठवड्यात सासरे आमच्याकडे राहायला आले.

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते वाहन चालवण्याची परीक्षा घेणारे अधिकारी होते. उभा जन्म त्यांनी लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांना नापास करण्यात घालवला. निवृत्त झाले, पण सीटवरून उतरले नाहीत. मी चहा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडलो, की त्यांचा आवाज येई, "जावईबापू, मागे न बघता वळलात." टेबलाशी खुर्ची ओढून बसलो, की "अंतर कमी ठेवलंत." लग्नाच्या वेळी मी त्यांच्या पाया पडायला वाकलो होतो, तेव्हाही ते "सावकाश, सावकाश" म्हणाले होते. मला वाटलं होतं, माया असेल.

सासूबाई गेल्या आणि हा माणूस एकटा पडला. आपल्या घरी एकट्याने दिवस काढून काढून शेवटी त्यांनी घर भाड्याने दिलं आणि मेव्हण्याकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. मेव्हणा दुसऱ्या शहरात असतो, गाडीने दोन-तीन तासांवर. त्याच्याकडची खोली रंगवून होईपर्यंत मुक्काम आमच्याकडे. बॅगा त्यांनी दाराशीच ठेवल्या आणि लागेल तो एकेक कपडा चेन अर्धी उघडून काढत राहिले. झोप त्यांची सासूबाईंबरोबरच गेली होती. रात्र रात्र हॉलमध्ये सपाता वाजायच्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग माझ्या स्टँडला वळसा, मग परत. आणि भिंतीच्या अलीकडे माझी बायको उघड्या डोळ्यांनी त्या सपाता ऐकत पडलेली असायची.

"त्यांना सांग ना, इथेच राहा म्हणून," मी म्हणालो.

"त्यांना राहायचं असतं तर म्हणाले असते. ते कुणाला भितात का?"

मग मी सासऱ्यांकडे गेलो. "बाबा, इथेच राहिलात तर?"

"घर लहान आहे तुमचं. मी कुणाच्या वाटेत गाडी लावून ठेवणारा माणूस नाही." मग त्यांनी विचारलं, "तिने म्हटलं का तसं?"

"म्हणजे... तोंडाने नाही म्हटलं, पण..."

"मग झालं तर."

बापलेकीचं हे असं. एकमेकांवर जीव टाकतील, पण आधी कोण बोलणार या अटीवर अडून बसतील. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर दोघांनीही मला सुनावलं. (तेवढं त्यांचं एकमत आहे.)

सोमवारी सकाळी मेव्हणा न्यायला येणार होता. शनिवारी बायको कपाटातले जुने फोटो काढून बसली होती. मला वाटलं, आवराआवर चाललीय.

"अहो, तुम्ही त्या कोबीचे एवढे फोटो काढलेत," ती खाली बघतच म्हणाली, "बाबांचा एक काढून द्या ना. चांगला. माझ्याकडे एकही असा नाही, ज्यात ते माझे बाबा दिसतात. सगळ्यांत ते अधिकारीच दिसतात."

आणि तिचे डोळे भरून आले. माझी बायको रडणाऱ्यांतली नाही. डॉक्टरांकडे लहान मुलं आकांत करतात तेव्हा ही एका हाताने फोन घेते आणि दुसऱ्या हाताने पावती फाडते. तिच्या डोळ्यांत पाणी बघून मला गलबलून आलं. मी म्हणालो, "असा फोटो काढतो, की बघत राहशील." शब्द देताना मी नेहमीच दिलदार असतो.

लगेच संध्याकाळी पहिली बैठक झाली. सासरे खुर्चीत ताठ बसले. मी दिवा लावला. तो चेहऱ्यावर पडताच त्यांनी शांतपणे वरची-खालची कवळी काढली, पेल्यात ठेवली आणि आ वासला.

"बाबा, फोटो काढायचाय."

"काढा की."

"मग दात कशाला काढलेत?"

"याच दिव्याखाली माझ्या कवळीचं माप घेतलंय. या दिव्याखाली दात घालून बसणं मला जमायचं नाही. सवयीचा भाग आहे."

मी पुष्कळ समजावलं. दिवा विझवला की ते दात घालायचे, लावला की काढायचे. शेवटी बायको बघायला आली. तिने पेल्यातले दात बघितले, बापाचं उघडं तोंड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत गेली. तो फोटो काढण्यात काही अर्थच नव्हता.

रविवारी मात्र मी कंबर कसली. त्या चौकोनी उजेडाला शरण जायचं नाही, त्याला चहूकडून मऊ करायचं, असं ठरवलं. आरामखुर्ची हॉलच्या मधोमध घेतली. तिच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून पांढऱ्या चादरी सोडल्या, म्हणजे उजेड त्यांच्यावर आपटून चेहऱ्यावर यावा. वर न्हाणीघराचा पडदा ताणला. त्याच्यावर, बरोबर डोक्याशी, दिवा. एक छोटा तंबूच झाला म्हणा ना. जेवणं झाल्यावर बायको जरा आडवी झाली. रात्रीच्या जागरणांनी ती पार थकली होती. मी सासऱ्यांना हाताला धरून तंबूत नेलं. दात त्यांनी आत शिरतानाच काढले. मी म्हटलं, जाऊ द्या, सुरुवात तर होऊ दे.

दिवा लागला. सासरे मागे रेलले.

"ऊब येते हो याची," ते म्हणाले. दातांवाचून त्यांचा आवाज एकदम लहान वाटत होता. "ही असताना थंडीत माझ्या उशाशी हीटर आणून ठेवायची. मी म्हणायचो, नको. मग माझा डोळा लागला की गुपचूप..."

वाक्य तिथेच थांबलं. मी कॅमेऱ्यातून डोळा काढून बघितलं. मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं, छाती संथपणे वरखाली होतेय. सासरे झोपले होते. किती दिवसांनी, कुणास ठाऊक. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आजवर या माणसाने माझ्याकडे परीक्षकाच्या नजरेनेच बघितलं होतं, आणि आता तो माझ्या दिव्याखाली एखाद्या लेकरासारखा विसावला होता. त्यांना गार लागू नये म्हणून मी एक पांढरी चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली. मग अगदी हळू बटण दाबलं.

खोटं नाही सांगत, तसा फोटो मी त्याआधी काढला नव्हता. चेहऱ्यावर वरून उतरणारा मऊ उजेड, आजूबाजूला नुसतं पांढरं, एक सुरकुती काळी पडलेली नाही. एवढं काम साधल्यावर ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. कुणाला दाखवणार? मेव्हण्याला. एवढा महागडा कॅमेरा घेऊन जो आजवर फक्त आपल्या गाडीचे फोटो काढत आलाय, त्याला. फोटो मी फोनवर घेतला आणि खाली, जाणकाराने जाणकाराला लिहावं तसं, नेमकं लिहिलं:

'बाबा, आज दुपारी. डोक्याशी एकच दिवा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी. हलत नव्हते म्हणून काम सोपं झालं. कसं वाटतं, कळव.'

पाठवलं आणि सासऱ्यांची झोप मोडू नये म्हणून माझा फोन, बायकोचा फोन आणि सासऱ्यांचा फोन, तिन्ही आवाज बंद करून कपाटात टॉवेलांखाली ठेवून दिले. दाराच्या घंटीची वायरही काढली. मग स्टँडशेजारी स्टूल टाकून पहाऱ्याला बसलो. घरात अशी शांतता बऱ्याच दिवसांत नव्हती. माझाही डोळा लागला असावा.

दारावर कुणीतरी बोटांनी टकटक केलं तेव्हा बाहेरचं ऊन उतरलं होतं. दार उघडलं तर डॉक्टर. रविवार असून पूर्ण पोशाखात, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. मी धडपडत बाहेर आलो आणि दार मागे लोटलं.

"मला सगळं कळलं," डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले.

मला एकदम आठवलं. दिव्याबरोबर मी त्यांचा पायाने दाबायचा स्विचही उचलून आणला होता. तो भंगारातला नव्हता, हे मला घरी आल्यावर समजलं होतं.

"मी कळवणारच होतो डॉक्टर," मी म्हणालो. "पण म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला कशाला तसदी."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"नाहीतरी जुनंच झालेलं होतं हो. आज ना उद्या भंगारातच जायचं होतं."

डॉक्टर एक पायरी खाली उतरले. त्यांनी फुलं छातीशी धरली. "तुम्ही... तुम्ही फार वेगळ्या तऱ्हेने घेताय हे."

"न विचारता घेतलं, ते चुकलंच. पण तुम्ही आत्ता लगेच नेऊ नका, एवढी विनंती आहे. संध्याकाळपर्यंत हॉलमध्येच राहू द्या. मी स्वतः पोचवतो. स्वच्छ पुसून, कागदात गुंडाळून."

डॉक्टरांच्या चेहऱ्याचा रंग गेला. भूल द्यायची सुई बघून पेशंटचा जातो तसा. "तुमच्या मिसेस कशा आहेत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"झोपलीय. तुम्हाला सांगू का, आज कित्येक दिवसांनी घरात सगळे निवांत आहेत."

"तुम्ही इथे बसा," डॉक्टर माझा दंड धरून म्हणाले. "पायरीवर बसा आणि लांब श्वास घ्या. तुमचे मेव्हणे खाली गाडी लावताहेत. आत्ता येतील वर."

"मेव्हणा? तो तर उद्या येणार होता."

(मेव्हण्याला गाडी लावायला वेळ लागला, कारण तो दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवत होता. दुःखाने वेडापिसा झाला होता तरी. संस्कार म्हणतात ते हेच.)

तेवढ्यात तो जिना चढून आलाच. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. त्याने मला अशी मिठी मारली, की माझ्या पाठीने दार उघडलं, आणि तो माझ्या खांद्यावर हमसाहमशी रडायला लागला.

"भाऊजी," तो म्हणाला, "फोन करून करून थकलो मी. कुणीच उचलेना. शेवटी क्लिनिकच्या नंबरावर डॉक्टर सापडले. भाऊजी, दुसरं काही वाटलं नाही हो, पण 'हलत नव्हते म्हणून काम सोपं झालं' असं कसं लिहवलं तुम्हाला?"

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (इतका वेळ तो नुसता हॉलमध्ये पडत होता.) डोळे मिटलेले सासरे, दात नसलेलं उघडं तोंड, गळ्यापर्यंत पांढरी चादर, डोक्याशी दिवा. माझ्या हातून निघालेला सर्वोत्तम फोटो मला पहिल्यांदा नीट दिसला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मेव्हण्याचा हुंदका ऐकून आत बायको जागी झाली होती आणि ती हॉलमध्ये आली होती.

तिने काय बघितलं? उघड्या दारात भाऊ रडतोय. डॉक्टर पांढरी फुलं घेऊन मान खाली घालून उभे. नवरा तोंड उघडं टाकून उभा. आणि हॉलच्या मधोमध पांढऱ्या चादरींआड तिचे वडील. ती झोपेतून उठलेली, विचार करायला वेळ कुठला? ती चादरीपाशी गेली. चादर बाजूला करायला तिचा हात उठेना. तिथेच खाली बसली आणि चादरीची कड मुठीत धरून बोलायला लागली.

"बाबा, मला सांगायचं होतं हो. रोज सांगायचं होतं. तुम्ही दादाकडे नका जाऊ, इथे राहा. घर लहान असलं तर असलं. मी रोज रात्री तुमच्या सपाता ऐकत होते. म्हणत होते, उद्या सांगेन. मला वाटायचं, तुम्ही म्हणाल. तुम्ही म्हणायची वाट बघत बसले मी. आता कुणाला सांगू?"

मी तिच्यापाशी धावलो, 'अगं, ऐक तर' म्हणालो, पण तिच्या कानात काही शिरेना. मेव्हणा जागच्या जागी थिजला होता. डॉक्टर आत येऊन माझ्या स्टँडचा आधार घेऊन उभे होते आणि रुमालाने डोळे टिपत होते.

"मग हे काल का नाही म्हणालीस?" चादरीआडून आवाज आला. "मी पण तर त्याचीच वाट बघत बसलो होतो."

डॉक्टरांनी अशी किंकाळी फोडली, की त्यांच्या क्लिनिकमध्ये कुणा पेशंटनेही फोडली नसेल. ते मागे गेले, स्टँड त्यांच्याबरोबर गेला, कॅन गडगडत निघाला, दोऱ्या सुटल्या, चादरी खाली आल्या आणि स्टँडचा एक पाय काडकन मोडला. दिवा सासऱ्यांच्या डोक्यावर येणार, एवढ्यात मी झेप घेऊन तो दोन्ही हातांनी वरच्या वर झेलला. (माझ्या आयुष्यातली ही एकमेव चपळाई. तीही कुणी बघितली नाही, कारण सगळे सासऱ्यांकडे बघत होते.)

सासरे केस विस्कटलेले, डोळे मिचकावत खुर्चीत बसले होते.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, बाबा," मेव्हणा म्हणाला.

"मी?" त्यांनी यावर विचार केला. मग पेल्यातले दात घेतले, नीट बसवले आणि मुलाकडे वळले. "म्हणजे तू घरापासून इथपर्यंत असा रडत गाडी चालवत आलास?"

"हो."

"समोरची काच दिसत होती?"

"नाही."

"नापास," सासरे म्हणाले.

आणि ते हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग खदाखदा. सासूबाई गेल्यापासून त्यांचं हसू कुणी ऐकलं नव्हतं. मेव्हणा रडता रडता हसायला लागला आणि खुर्चीच्या एका हातावर जाऊन बसला. बायको अजून जमिनीवरच होती. तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडू की हसू हे तिचं तिलाच ठरवता येईना. त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. माझ्या हातातल्या दिव्याचा उजेड त्या तिघांवर असा पडला होता, की फोनवरच्या त्या गृहस्थांनीही मान डोलावली असती. मला ओरडायचं होतं, 'कॅमेरा, कुणीतरी माझा कॅमेरा द्या रे!' पण दोन्ही हात दिव्यात गुंतलेले आणि दिवा चांगलाच तापलेला. तेव्हा जमिनीवर पडलेल्या डॉक्टरांनी पडल्या जागेवरूनच खिशातून फोन काढला आणि एक फोटो घेतला.

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये लावलाय. त्यात सासरे अधिकारी दिसत नाहीत. बायको येता-जाता त्याच्यापुढे थांबते आणि मला फार बरं वाटतं. डॉक्टरांनीही एक प्रत मागून घेतली आणि क्लिनिकमध्ये लावली. कवळी फार सुरेख आलीय म्हणतात. खाली स्वतःचं नाव घातलंय. फोटोचं आणि कवळीचं, दोन्हीचं.

त्या संध्याकाळी कपाटातले फोन काढले, तर मेव्हण्याने निघतानाच कळवल्यामुळे नातेवाइकांनी पाठवलेल्या शोकसंदेशांचा ढीग लागला होता. सासऱ्यांनी चष्मा लावून ते सगळे एकेक करून वाचले. "हा म्हणतो मी प्रेमळ होतो. बावळट आहे," असं म्हणत त्यांनी प्रत्येकाला स्वतः फोन करून आपण जिवंत असल्याचं कळवलं. पलीकडून एकदोघांनी फोन टाकून दिला. मेव्हण्याला ते म्हणाले, "तुझ्याकडे येईन मी अधूनमधून. रंगवलेली खोली बघायची आहे. पण झोप मला इथे लागते." मेव्हण्याने दाराशीच्या बॅगा उचलून आत नेऊन ठेवल्या. बायकोने त्याच रात्री त्या रिकाम्या केल्या, म्हणजे कुणाचा विचार बदलायला नको. मोडलेला स्टँड तिने भंगारवाल्याला दिला.

मी दुसऱ्या दिवशी नव्या स्टँडची गोष्ट काढली. ती म्हणाली, "कशाला? तुम्ही आहात की."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी सासरे दात काढून खुर्चीत बसतात आणि मी त्यांच्या डोक्याशी दिवा धरून उभा राहतो. कॅमेरा परत मेव्हण्याकडे गेला. मला तरी तो कुठे धरता आला असता? परवा हात अवघडला म्हणून मी दिवा या हातातून त्या हातात घेतला. सासरे गाढ झोपलेत अशी माझी समजूत होती. त्यांनी डोळेही न उघडता स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली:

"अगं, हा स्टँड हलतोय."